आत्याबाईंनी न बांधलेलं हाड

ही वही कुणाच्या हाती लागलीच, तर आधीच सांगून ठेवते, माझ्या ऱ्हस्व-दीर्घाकडे बघू नका. मी चौथी शिकले, त्यालाही जन्म लोटला. अक्षर तर कोंबड्यांनी उकिरडा उकरावा तसं आहे, त्याचीही माफी असावी. पण चारचौघांत बोलायला गेलं की माझा घसा धरतो. लिहिताना कुणी तोंडाकडे बघत नसतं, म्हणून लिहिते.

लिहायचं आहे आमच्या आत्याबाईंबद्दल. माझ्या सख्ख्या सासूबाई मी या घरात यायच्या आधीच गेल्या होत्या. या आत्याबाई भावकीतल्या, सासऱ्यांच्या चुलतभावाची बायको. आमच्याकडं सासूला आत्याबाई म्हणतात, म्हणून गल्लीतल्या सगळ्या सुना त्यांना आत्याबाईच म्हणत. नवरा लवकर गेलेला, पोरबाळ नाही. राणीसावरगावात आमच्या घरापासून चार दारं सोडून त्यांचं दोन खणांचं घर होतं, पुढं शेणानं सारवलेला ओटा. त्या ओट्यावर बसून त्या हाडं बांधायच्या. माणसांची, बैलांची, एकदा तर एका मोराचीही.

त्यांचं बांधणं बघण्यासारखं होतं. बांबूच्या कांब्या तासून ठेवलेल्या असत. उडदाचं पीठ आणि अंड्याचा पांढरा बलक कालवून कापडाला लावायचा, कापड गुंडाळायचं, वर कांब्या, वर सुतळी. पण त्याच्या आधी त्या हाड ऐकायच्या. मोडल्या जागेच्या वर आणि खाली मधल्या बोटाच्या पेरानं टकटक करायच्या आणि कान लावायच्या, बाजारात बाया मडकं वाजवून घेतात तसं. त्या वेळी सगळ्यांनी गप्प राहायचं. बाया जमलेल्या असल्या की आत्याबाई ओरडायच्या, "बांगड्या धरा गं!" आणि आम्ही सगळ्या एका हातानं दुसऱ्या हातातल्या बांगड्या घट्ट धरून उभ्या राहायचो. नवी सून आली की तिला हसू यायचं. मग तिला शिव्या बसायच्या.

दुसरं म्हणजे त्या हाडाशी बोलायच्या. माणसाशी नाही, हाडाशी. गडी कळवळून ओरडत असला तरी त्याच्याकडे बघायच्या नाहीत. हाडाला म्हणायच्या, "कुठं निघालास रं भाड्या? जाग्यावर ये. तुझ्या बापाची जागा हाय व्हय ती? इकडं सरक." आणि एक हिसका. कट्ट असा आवाज झाला की, "आता कसा शाण्यावानी बसला!"

त्यांचे नियम दोन. मोडलेलं माणूस त्यांच्या दारात आलं पाहिजे, त्या कुणाच्या दारात जाणार नाहीत. आणि हाडाचा पैसा घ्यायचा नाही. पैसाच काय, त्या घरचं पाणीही नाही. घेतला तर हातातला गुण जातो, असं त्यांच्या वडिलांनी सांगितलेलं. कुणी फारच मागं लागलं तर म्हणायच्या, "जा, कुत्र्याला भाकर घाल माझ्या नावानं." आमच्या गावातली कुत्री त्यामुळं गुबगुबीत होती.

निजामाच्या वेळची गोष्ट सांगतात, मी तेव्हा नवी होते. पोलीस चौकीच्या जमादाराचा खांदा निखळला आणि त्यानं शिपाई धाडला, बाईला घेऊन ये. आत्याबाई जात्यावर दळत होत्या. उठल्याही नाहीत. म्हणाल्या, "हाड माझ्या दारी येतं. मी हाडाच्या दारी जात न्हाई." शिपाई घाबरला, बायकाही घाबरल्या. ते दिवस तसेच होते. दुसऱ्या दिवशी जमादार स्वतः बैलगाडीत, हात छातीशी धरून. आत्याबाईंनी त्याला खाली बसवलं आणि कमरेचा पट्टा सोडायला लावला. तो म्हणाला, "अगं बाई, सरकारी पट्टा आहे." तर म्हणाल्या, "हाडाला सरकार नसतं. काढ." काढला त्यानं.

पुढं पोलीस ॲक्शन झालं, निजामाचं राज्य गेलं, सगळे जण झेंडा बघायला गंगाखेडला गेले. आत्याबाई गेल्या नाहीत. एका म्हशीचा पाय मोडला होता, ती त्यांच्या दारात बसलेली. "म्हस उठली की मंग बघू तुमचं राज," म्हणाल्या.

मला त्या नावानं कधीच हाक मारत नसत. "ए चवथी!" म्हणत. "चवथी, इकडं ये." "चवथी, पुस्तकात बघून सांग, मीठ किती घालू कालवणात." सगळ्या हसत. मी पायाच्या अंगठ्याकडे बघत राही. त्यांचं बोलणं मला फार लागायचं. खरं सांगायचं तर बरीच वर्षं मला त्या आवडत नव्हत्या.

त्याचं कारणही आहे, ते लिहिते.

माझी थोरली मुलगी सात वर्षांची असताना ज्वारी हुरड्यावर आलेली होती आणि पोरगी माळ्यावर उभी राहून पाखरं हाकायची. गोफण गरागरा फिरवली, खडा सुटला आणि तिचा उजवा हात खांद्याच्या खाली लटकला. पडली नाही, आपटली नाही. मी उचलून आत्याबाईंच्या ओट्यावर आणली. त्यांनी ऐकलं, हाडाला शिव्या दिल्या, बांधलं. चाळीस दिवसांत जुळलं. छान जुळलं.

पुढच्या वर्षी डोक्यावरची लहानशी घागर उतरवताना त्याच जागी परत मोडलं.

त्या दिवशी ओट्यावर दहा-बारा बाया होत्या. आत्याबाईंनी हात चाचपला आणि सगळ्यांसमोर माझ्याकडे वळल्या. "बांधणी सोडलीस तू. चवथी शिकल्याली न्हवं तू! तुला वाटलं, ही अडाणी म्हातारी काय सांगती, पंधरा दिसांत सोडावं. माझं बांधल्यालं हाड जलमात दुसऱ्यांदा मोडलं न्हाई. कच्चं सोडलंस, म्हणून मोडलं."

मी सोडली नव्हती. चाळीस दिवस तो हात मी छातीशी घेऊन झोपले होते, कूस बदलली नव्हती. पण बोलले नाही.  गल्लीनं ते खरं मानलं. जाऊबाईंनी मानलं. माझ्या घरच्यांनी, म्हणजे पोरीच्या वडलांनी, आठ दिवस माझ्याशी बोलणं टाकलं. पोरीचा हात मी मोडला, असं झालं. पाणवठ्यावर गेले की बाया बाजूला सरकून जागा द्यायच्या, आणि ती जागा देणं मारापेक्षा वाईट होतं.

हातही परत जुळला. आणि तिसऱ्यांदा मोडला.

या वेळी पोरगी अंगणात जेवत होती. कुत्रं समोर बसलं होतं. तिनं भाकरीचा तुकडा त्याच्याकडे फेकला आणि "आई" म्हणून खाली बसली.

मी ओट्यावर गेले नाही. पदरानं तिचा हात छातीशी बांधला आणि चुलीपुढं बसून राहिले. कुणाला सांगायचं? परत तेच ऐकायचं?

मग दारात काठी वाजली. आत्याबाई उंबऱ्याशी उभ्या होत्या. त्या कुणाच्या दारात गेल्याचं गावानं बघितलं नव्हतं. गल्लीतली पोरं, त्यांनीच जाऊन सांगितलं असणार, मागं मागं आली होती.

"काय केलं पोरीनं?" त्यांनी विचारलं.

"कुत्र्याला तुकडा टाकला."

"गोटा टाकला?"

"न्हाई. भाकरीचा तुकडा."

त्या खाली बसल्या. "बांगड्या धर," म्हणाल्या. मी धरल्या. त्यांनी मोडका हात वाजवला, ऐकला. चांगला हात वाजवला, ऐकला. परत मोडका. किती वेळ चाललं होतं कोण जाणे. पोरगी हुंदके द्यायची, तर तिच्या गालावर तळवा ठेवून तिला थांबवायच्या आणि परत कान लावायच्या. हाडाला एकही शिवी दिली नाही.

शेवटी म्हणाल्या, "हे मी बांधणार न्हाई. बांधून उपेग न्हाई. हे आतून रिकामं हाय."

आत्याबाईंना खरंच ऐकू येत होतं का, मला माहीत नाही. मी नंतर पुष्कळदा माझी स्वतःची हाडं वाजवून बघितली, मला सगळी सारखीच वाटली. पण त्या दिवशी ज्यांनी जन्मभर दवाखान्याला नावं ठेवली, त्यांनीच म्हटलं, "परभणीला न्हे. फोटू काढ हाडाचा."

घरचे आणि थोरले भावजी पोरीला घेऊन परभणीला गेले, मीही गेले. डॉक्टर तरुण होते, चांगले होते. फोटो खिडकीच्या उजेडात धरून त्यांनी दाखवला. दंडाचं हाड वरच्या बाजूला शेंगेसारखं फुगलेलं, आत अंधार, आणि भोवतालची भिंत अंड्याच्या टरफलाएवढी. डॉक्टर म्हणाले, "गाठ साधी असेल, किंवा वाईट असेल. वाईट असली तर हात खांद्यापासून काढावा लागेल. मला इथं सांगता येत नाही. हैदराबादच्या मोठ्या दवाखान्यात दाखवा."

एवढं सगळं ते बोलले. पण आमच्या माणसांच्या कानात एकच वाक्य राहिलं, हात काढावा लागेल. येताना आगगाडीत तेच, घरी आल्यावर तेच. भावजींनी ओसरीवर बसून निकाल दिला, "हात कापून आणायलाच हैदराबादला जायचं काय? हाय तसा झोळीत राहू द्या. एका हातानं बी माणसं जगत्यात."

सगळ्यांनी माना डोलावल्या. माझे घरचे खाली बघत होते. ते भावाच्या शब्दाबाहेर कधी गेले नाहीत.

तेव्हा आत्याबाई दुसऱ्यांदा आमच्या दारात आल्या. फोटो मागितला. अंगणात जाऊन उन्हाकडं धरला, उलटा धरला, सुलटा धरला.

भावजी हसले. "काय आत्याबाई? तुमच्यानं जुळलं न्हाई, म्हणून आता दवाखान्याची वकिली करायलाव व्हय?"

"करायले. पुढं बोल."

"डॉक्टर म्हणला, हात कापावा लागंल."

"वाईट असलं तर, म्हणला त्यो. वाईट असतं तर माझ्या हातानं दोनदा जुळलं असतं व्हय रं? सडकं हाड मी बघितलंय. ते जुळत न्हाई, वास मारतं, माणूस वाळतं. ही पोरगी बघ, दोन भाकरी खाती. हे सडलं न्हाई. रिकामं हाय. रिकामं हाय ते भरता येतं."

"कोण भरणार? आन् पैसा?"

आत्याबाई घरी गेल्या आणि एक गाडगं घेऊन आल्या. त्यात त्यांच्या लग्नातले चांदीचे तोडे होते, काळे पडलेले. "गंगाखेडच्या सराफाकडं इकते. मी न्हेते पोरीला."

"बायामाणसं एकट्या हैदराबादला?"

"निजामाचं राज गेलं म्हणून तूच फेटा उडवायलतास न्हवं गंगाखेडात? मंग आता भ्या कुणाचं?"

ओसरीवर कुणीतरी हसलं. भावजींनी माझ्या घरच्यांकडे बघितलं, की तू काहीतरी बोल. ते बोलले नाहीत, हो नाही आणि ना नाही. मी उठले, आत गेले, पोरीचे दोन परकर आणि माझं लुगडं फडक्यात बांधलं आणि ते गाठोडं घेऊन आत्याबाईंच्या शेजारी जाऊन उभी राहिले. त्या घरात मी पहिल्यांदा काही केलं असेल तर ते एवढं.

तोड्यांचे नव्वद रुपये आले. आत्याबाईंचा हिशेब अजून निजामाच्या हाली शिक्क्यातच चाले, त्यामुळं सराफाशी तासभर भांडण झालं, ते वेगळं.

हैदराबादचा दवाखाना म्हणजे एक गावच होतं. आत्याबाई तिथंही तशाच. दुसऱ्या खाटेवरच्या पोराचं प्लास्टर वाजवून बघायच्या, नर्सबाईला म्हणायच्या, "बांगड्या धर गं." सर्जन म्हातारे होते, पांढरी दाढी, आवाज हळू. फोटो बघत होते तोवर आत्याबाई पुढं झाल्या, "हात कापणार असशील तर आत्ताच सांग. माघारी जाते."

"कौन बोला काटना?" ते म्हणाले. "घाबरू नक्को अम्मा. ये बुरी बीमारी नहीं दिखती. हड्डी अंदर से खोखली हो गई है, उसमें पानी है. बच्चों को होती है. खुरच के साफ करते, नई हड्डी भरते. निकाला हुआ टुकडा भी जांचते, तसल्ली को."

आत्याबाईंनी माझ्याकडे बघितलं. "मी काय म्हणलं हुतं?" मग सर्जनांना म्हणाल्या, "रिकामं हाय, हे मला आधीच ठाऊक हुतं."

"कैसे?"

"वाजवून."

बाकीचे डॉक्टर हसले. म्हातारे हसले नाहीत. त्यांनी पोरीच्या खाटेशी वाकून, आत्याबाईंनी दाखवलं तसं बोटाच्या पेरानं टकटक केलं आणि कान लावला. मी न सांगता माझ्या बांगड्या धरल्या. "मुझे तो सुनाई नहीं देता," ते म्हणाले.

"सवय लागती," आत्याबाई म्हणाल्या.

मग भरायला हाड कुणाचं, हा प्रश्न आला. पोरीची नडगी बारीक, तिच्यातून पुरेसं निघणार नाही. आत्याबाईंनी तिथंच लुगडं गुडघ्यापर्यंत वर करून पाय पुढं केला. "माझं घ्या. साठ वर्सं चालायलंय, कुठं तडा न्हाई."

"तुम्हारी बहुत पुरानी है अम्मा. मां की लेंगे."

मला भीती वाटली नाही असं नाही. कापसाची वेचणी तोंडावर आलेली, घरी गेल्यावर पाय चालला नाही तर मला कोण ठेवून घेणार, हेही मनात आलं. पण हाड माझं होतं आणि पोरगी माझी होती. मी मान डोलावली.

कागदापाशी परत अडलं. कारकून म्हणाला, औरतीचं हाड काढायचं तर नवऱ्याची सही पाहिजे. मर्द कुठं आहे? गावाला. मग बोलावून घ्या, तोवर थांबा.

आत्याबाईंनी काठी त्याच्या टेबलावर आडवी ठेवली. "हाड कुणाचं काढायलाव?"

"हिचं."

"दुखणार कुणाला?"

"हिलाच."

"मंग सही बी हिचीच."

तो सर्जनांकडे जाऊन आला. वैतागून शाईचा डबा पुढं सरकवला. "ठीक आहे, अंगठा लावू दे."

"अंगठा?" आत्याबाई एवढ्या मोठ्यानं ओरडल्या की बाहेरची रांग आत डोकावली. "अरं, चवथी शिकल्याली हाय ती! लिव्ह गं. दाव ह्येला."

सासरी आल्यापासून मी टाक धरला नव्हता. माझं नाव, घरच्यांचं नाव, आडनाव. अक्षरं उतारावरून घरंगळल्यासारखी खाली खाली गेली, एका ठिकाणी शाईचा डाग पडला. कारकुनाला मराठी वाचता येत होतं की नाही, कोण जाणे. आत्याबाईंना तर मुळीच येत नव्हतं. पण त्या कागदाकडे वाकून बराच वेळ बघत होत्या, जसं काही हाडच ऐकतायत.

आम्ही मायलेकी शेजारशेजारच्या खाटांवर होतो. तिचा हात प्लास्टरमध्ये, माझा पाय. तपासलेला तुकडा साधा निघाला. नवव्या दिवशी घरचे आले, एकटेच, भावाला न सांगता.  माझ्या पायथ्याशी बसले आणि चांगल्या पायाचा तळवा दाबत राहिले. आत्याबाई म्हणाल्या, "आला का? बस. उशीर झाला, पर बस."

त्या पोकळीचा एक कोपरा पुढं वर्षभरानं फोटोत परत दिसला. सर्जन म्हणाले, थांबू, पोर वाढते तशी ही भरते. दर वर्षी फोटो काढायला जायचं. पोरगी जपून जपून वाढली. तिचा उजवा हात डाव्यापेक्षा बोटभर आखूड राहिला. अजून तिच्या चोळीची उजवी बाही मी तेवढी आखूड शिवते. बघणाऱ्याला कळत नाही.

माझी नडगी भरून आली, पण पावसाळ्यात ठणकते. ठणको.

आता पैशाचं. हैदराबादहून आल्यावर वर्षभरात मी अंडी विकून, गोधड्या शिवून दहा रुपये जमवले आणि आत्याबाईंच्या ओट्यावर नेऊन ठेवले. त्यांनी केरसुणीनं खाली लोटले. "हाडाचा पैसा मी घेत न्हाई. ठाऊक न्हाई व्हय तुला?" मी गोळा करून घरी आणले. पुन्हा नेले, पुन्हा केरसुणी. मग नेणं सोडलं, पण जमवणं सोडलं नाही. पत्र्याच्या डब्यात टाकत गेले. भावजी एकदा जेवताना म्हणाले, "म्हातारीच्या तोड्यावर पोरगी बरी झाली आपली." ते वाक्य मला घास गिळू देईना. माझ्या पोरीच्या हातावर कुणाचं काही राहू नये, एवढंच मला वाटत होतं.

आणे जाऊन नवे पैसे निघाल्यावर दोन वर्षांनी शेवटचा फोटो काढला. पोकळी गेली होती. हाड सरळ, पांढरं, भरलेलं. डब्यातही नव्वद झाले होते. मी पोरीला आणि डब्याला घेऊन ओट्यावर गेले.

आत्याबाई थकल्या होत्या, डोळ्यांना कमी दिसायचं. डबा वाजल्याबरोबर केरसुणीकडे हात गेला. "हाडाचा पैसा—"

"आत्याबाई," मी म्हणाले. माझा घसा धरला होता, तरी म्हणाले. "हा हाडाचा पैसा न्हाई. ह्या खेपेला तुमी बांधलंच न्हाई."

केरसुणी तिथंच राहिली. आपण फार बोललो असं मला वाटलं, पण परत घेतलं नाही. उभी राहिले.

मग त्यांनी पोरीला जवळ बोलावलं. "बांगड्या धर," म्हणाल्या. पोरीनं तिच्या धरल्या, मी माझ्या. त्यांनी दंड वाजवला, कान लावला. दुसरा वाजवला.

"भरलं," म्हणाल्या.

मग काठी ओट्यावर आपटली आणि गल्लीत हाक घातली. "या गं समद्या! भाकरी ऱ्हाऊ द्या तव्यावर, या!" बाया जमल्या. पाणवठ्यावर बाजूला सरकणाऱ्या त्याच बाया, जाऊबाईही. आत्याबाईंनी सगळ्यांच्या तोंडाकडे बघितलं, नीट दिसत नसलं तरी.

"हिनं बांधणी सोडली न्हवती," त्या म्हणाल्या. "हाडच रिकामं हुतं, मला उशिरा कळलं. ते दवाखान्यानं भरलं, हिच्या हाडानं भरलं. मी न्हाई. म्हणून आज मी पैसा घ्यायलेय. बघून ठेवा."

 आत्याबाईंनी पदर पसरला.

"मोज, चवथी."

मी मोजत गेले. नोटा, रुपये, आणि शेवटी नव्या पैशांची चिल्लर. "ह्या टिकल्या बी धरायच्या व्हय?" त्यांनी विचारलं. "धरायच्या," मी म्हणाले. नव्वद झाले. त्यांनी पदराला गाठ मारली, दातांनी ओढून घट्ट केली.

"लिव्हून ठेव कुठंतरी," म्हणाल्या. "तुला येतं."

तेव्हा वही नव्हती. आता आहे, म्हणून लिहिलं. नव्वद रुपये, सगळे फिटले.